एकाच छपरीतली दोन पोरं, दोन तऱ्हेचा ताप

पत्र

काका, नमस्कार. आम्ही धानोरा तालुक्यातले. घरात सासू-सासरे, आम्ही दोघी जावा, धानाची चार एकर शेती. माझा मुलगा सात वर्षांचा, मोठ्या जावेचा सहा वर्षांचा. दोघे छपरीत एकाच मच्छरदाणीत झोपायचे. मच्छरदाणीला भोकं होती, खोटं कशाला सांगू. भाद्रपदात माझ्या मुलाला थंडी वाजून ताप आला. आशाताईने बोट टोचून पाहिलं, मलेरिया निघाला, गोळ्या दिल्या, चौथ्या दिवशी पोट्टा खेळायला गेला. त्यानंतर दोनच दिवसांनी जावेच्या मुलाला ताप आला. त्याच्याकडे शाळेतल्या तपासणीचं सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं कार्ड आहे, एएस म्हणजे वाहक. घरात सगळे म्हणाले, एएसवाल्याले मलेरिया होत नाही, साधा ताप असन. सासूबाईंनी पुजाऱ्याकडे नेलं. दुसऱ्या रात्री त्याला झटके आले, डोळे फिरवले. गडचिरोलीला नेलं, दोन दिवस शुद्ध नव्हती. वाचला, पण अजून चालताना झोक जातो. हा मुलगा दोन वर्षं वरुडकडे मामाच्या गावी होता, अक्षय तृतीयेलाच इकडे आणला.

आता जाऊ माझ्याशी बोलत नाही. म्हणते, एकच घर, एकच मच्छर, तुह्या पोराले काही नाही अन् माह्याच पोराले काहून? पुजारी म्हणतो घरातल्याच बाईची नजर आहे, कोंबडा मागतो. काका, खरं सांगू? आशाताई आली तेव्हा मी तिला म्हटलं नाही की त्याचंही बोट टोच. मला रात्री झोप येत नाही. पुढच्या महिन्यात नणंद पुण्याहून बाळंतपणाला येणार आहे, पहिलटकरीण. तिला येऊ द्यावं का?

उत्तर

ताई, जाऊबाईंच्या बोलण्यातला एक शब्द धरूनच सुरुवात करतो. ‘एकच मच्छर’. गफलत तिथेच आहे. भाद्रपदातल्या रात्री, भोकं पडलेल्या मच्छरदाणीत, दोन्ही पोरांना एकच मच्छर चावला असेल हे कशावरून? आणि समजा तोच चावला, तरी त्याने दोघांच्या अंगात सारखाच जंतू सोडला असेल असंही नाही.

मलेरियाच्या जंतूचं लग्न मच्छराच्या पोटात लागतं. माणसाच्या रक्तात तो नुसता आपल्यासारखेच आणखी काढत राहतो. नर-मादी एकत्र येतात ते मच्छराच्या मादीच्या पोटात, आणि तिथे त्यांच्या जनुकांची सरमिसळ होते. आजारी माणसाच्या रक्तात दोन वाणांची बेणी असतील तर त्या पोटातून तिसरी, चौथी, पाचवी बाहेर पडते. तुम्ही धानवाले आहात, तुम्हाला हे मी काय समजावणार? नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंना १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत थोड्या वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढून जपल्या आणि त्यातून एचएमटी धान आला. बांधी एकच, पाणी एकच, वाण वेगळा. मलेरियाच्या जंतूचेही असे वाण असतात. एकाच गावात, एकाच हंगामात, एकाच मच्छराच्या लाळेतसुद्धा.

वाणाच्याही आधी जात. मलेरिया म्हटलं की आपल्याकडे मुख्यतः दोन: व्हायवॅक्स आणि फाल्सिपॅरम, म्हणजे दवाखान्यातल्या कागदावरचे पी.व्ही. आणि पी.एफ. तुमच्या पत्रात नेमकी हीच गोष्ट नाही. तुमच्या मुलाला कोणता निघाला? जावेच्या मुलाचं लक्षणांवरून फाल्सिपॅरम वाटतंय, पण मी अंदाजावर बोलणार नाही. व्हायवॅक्स फक्त नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो. त्या असतात थोड्या, त्यामुळे त्याची वाढ आपोआप आवरली जाते. फाल्सिपॅरमजवळ पेशीचं दार उघडायच्या किल्ल्या जास्त, त्याला कोवळी-जून सगळी पेशी चालते. हा फरक जनुकांतूनच आलेला. दोघा मुलांचे जंतू जर वेगवेगळ्या जातीचे निघाले, तर जाऊबाईंच्या ‘काहून’चं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

मी तीस वर्षं एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्लाइडी पाहिल्या. काचेवर एका बाजूला रक्ताचा जाड ठिपका, दुसऱ्या बाजूला पातळ थर, जेएसबी नावाचा रंग, वर तेलाचा थेंब, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजून शंभर फील्ड, म्हणजे शंभर जागा. व्हायवॅक्स नवखाही ओळखतो. पातळ थरात पेशी फुगलेली असते, आणि आत लहान-मोठे सगळ्या वयाचे जंतू. फाल्सिपॅरममध्ये दिसतात त्या फक्त नाजूक अंगठ्या, एकेका पेशीत दोन-दोन, आणि क्वचित केळीच्या आकाराचे काही. मधल्या वयाचे कुठे गेले? नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, माझा रंगच बिघडलाय. मग एक दिवस एका मुलीची स्लाइड आली. शंभर फील्डमध्ये मोजून सात अंगठ्या. मी वहीत ‘एक प्लस’ लिहिलं, म्हणजे अगदी कमी, आणि चहाला बाहेर आलो. व्हरांड्यात तीच मुलगी आईच्या मांडीवर, दात आवळलेले, हाक मारली तर ओ नाही. मोठे जंतू बोटाच्या रक्तात नव्हतेच. ते आत मेंदूच्या केसाएवढ्या बारीक नळ्यांना चिकटून बसले होते. तेव्हापासून मी वहीतल्या प्लसवरून आजार किती भारी ते ठरवणं सोडलं.

हे चिकटणं हाच सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

फाल्सिपॅरम तांबड्या पेशीत वाढू लागला की पेशीच्या बाहेरच्या अंगावर आपलं एक प्रथिन उभं करतो. जंगलातून आल्यावर लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटतात ना, तसं ते रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतं. जंतूचा हेतू साधा आहे: वाहत पानथरीत, म्हणजे प्लीहेत गेलो तर मारले जाऊ, म्हणून कडेला धरून बसा. त्या प्रथिनाचं नाव पीएफईएमपी-१. लक्षात ठेवलं नाही तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते हे की ते बनवणारं जनुक एक नाही. या जंतूची सगळी जनुकं २००२ साली वाचून झाली. एकूण ५३०० च्या आसपास. त्यांतली सुमारे ६० फक्त या चिकटवणाऱ्या प्रथिनाचे निरनिराळे नमुने बनवायला ठेवलेली.

दिवाळीनंतर तुमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं लागतात. वडशाहून कंपनीची गाडी येते, तिच्यात कपड्यांची पेटी. जंतूजवळ तशीच ६० पोशाखांची पेटी असते, आणि अंगावर एका वेळी एकच. शरीराच्या पहारेकऱ्याने राजा ओळखून धरायला सुरुवात केली की तोवर हा फकीर होऊन आलेला. त्यात प्रत्येक वाणाची पेटी निराळी.

आणि सगळे पोशाख सारखे घातक नाहीत. कुसळ कापडाला धरतं, गोखरू टाचेत रुततो, तसं प्रत्येक नमुन्याचं धरायचं ठिकाण वेगळं. २०१३ साली असं दाखवलं गेलं की ज्या मुलांचा मलेरिया गंभीर झाला, त्यांच्या जंतूंचे पोशाख बहुतेक करून रक्तवाहिनीच्या भिंतीवरची एक ठरावीक कडी धरणारे होते. ईपीसीआर म्हणतात तिला. एरवी ही कडी रक्त गोठण्यावर आणि सुजेवर लगाम ठेवते. जंतूने तीच पकडली की नळी तुंबते ती तुंबते, वर लगामही सुटतो. मेंदूत हे झालं की झटके येतात, शुद्ध जाते.

आता मामाच्या गावाची गोष्ट. तुम्ही ती पत्रात जाता जाता लिहिली, पण मी तिथे बोट ठेवतो. मलेरियाच्या मुलखात वाढणारं मूल एकेका तापागणिक एकेक पोशाख ओळखायला शिकतं, आणि नशिबाने घातक पोशाखांची ओळख लवकर पटते. जिथे मलेरिया फार असतो तिथल्या मोठ्या माणसांना मलेरिया होतो पण ती सहसा बेशुद्ध पडत नाहीत, ते म्हणूनच. तुमचा मुलगा सात पावसाळे इथेच राहिला. जावेच्या मुलाची मधली दोन वर्षं या मुलखाबाहेर, वरुडच्या संत्र्याच्या बागांत गेली. दोघांना अगदी एकच वाण, एकच पोशाख वाट्याला आला असता, तरी एकाच्या शरीराला तो ओळखीचा आणि दुसऱ्याच्या शरीराला कोरा असं होऊ शकलं असतं.

एएसचं कार्ड. या एका समजुतीने तुमच्या घरात सगळ्यात जास्त नुकसान केलं, आणि त्रास असा की समजूत पूर्ण खोटी नाही. सिकलसेलचा एकच दोष ज्याला आईकडून किंवा बापाकडून आला, म्हणजे एएस वाहक, त्याला फाल्सिपॅरम गंभीर होण्याचा धोका बराच कमी असतो. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ सालीच आफ्रिकेत हे दाखवलं होतं. अशा पेशीत जंतू नीट वाढत नाही, आणि पोशाखही तिच्या अंगावर धड बसत नाही, म्हणून चिकटणं ढिलं पडतं. पण धोका कमी होतो तो आजार गंभीर होण्याचा. एएसवाल्याला मलेरिया होतो, ताप येतो, बोट टोचलं तर जंतू सापडतो. ‘कमी’चं ‘नाही’ कधी झालं ते गावातल्या गावात कोणालाच कळलं नाही.

दुसरी गोष्ट नवी आहे आणि माझ्यासारख्या जुन्या माणसालाही तिने चकित केलं. २०२१ च्या शेवटी गांबिया आणि केनियातल्या मुलांवरचा एक अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. गंभीर मलेरियाने दवाखान्यात आलेल्या मुलांची जनुकं वाचली आणि त्याच मुलांच्या रक्तातल्या जंतूंचीही वाचली. असं दिसलं की फाल्सिपॅरमच्या काही वाणांत तीन ठिकाणी ठरावीक बदल असतात, आणि सिकलसेलची ढाल असूनही जी मुलं गंभीर झाली त्यांच्या अंगात बहुतेक हेच वाण होते. या वाणांपुढे एएसची ढाल जवळजवळ निकामी. माणसाने हजारो वर्षांत भिंत बांधली, जंतूने तिच्यात खिंडार पाडलं. अभ्यास आफ्रिकेतला आहे. तुमच्या पुतण्याच्या अंगात तसाच जंतू होता असा त्याचा अर्थ मी लावत नाही, तुम्हीही लावू नका. मला एवढंच दाखवायचंय की कार्डावर जे लिहिलंय ती अर्धीच बाजू आहे. समोर कोणता वाण येणार ते कार्डाला माहीत नसतं.

ही ओढाताण दोन्ही बाजूंनी कशी चालते याचं एक उदाहरण तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातलं आहे. गुरांना सरा होतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्याचा जंतू माणसाला होत नाही, कारण आपल्या रक्तात एक प्रथिन त्याला मारून टाकतं. पण २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. महिनोन्‌महिने ताप येत-जात होता. जगात तसं पहिल्यांदाच नोंदलं गेलं. गावातल्या १८०० च्या वर लोकांची तपासणी झाली, जंतू दुसऱ्या कोणाच्याच रक्तात दिसला नाही. पुढे कळलं की त्या माणसाच्या शरीरात ते प्रथिन जन्मापासूनच बनत नव्हतं. आई आणि बाप, दोघांकडून आलेलं जनुक तुटकं. औषधाने तो बरा झाला. आफ्रिकेत याच जंतूच्या भाऊबंदाने उलटा डाव टाकलाय. तिथे माणसाचं प्रथिन शाबूत असतं, पण जंतूकडेच एक जास्तीचं जनुक असतं, ते या प्रथिनाला निकामी करतं, आणि धडधाकट माणसालाही झोपेचा आजार होतो. एकीकडे माणसाचं जनुक उणं, दुसरीकडे जंतूचं जनुक दुणं. आजार त्याच फाटकातून आत.

मग जावेच्या पोराच्या बाबतीत नेमकं काय झालं? जात, वाण, पोशाख, मामाच्या गावची दोन वर्षं, यातलं काहीही, किंवा सगळं थोडं थोडं. त्याच्या जंतूची जनुकं कोणी वाचलेली नाहीत, रोजच्या उपचारात ती कोणी वाचतही नाही. त्याने इंजेक्शन बदललं नसतं. पण तुमची नजर त्यात कुठेही बसत नाही.

आता तुमच्या न झोपण्याबद्दल. आशाताई आली त्या दिवशी त्या मुलाला ताप नव्हता. तो अंगणात खेळत होता असं मी धरतो, कारण नसता तर तुम्ही लिहिलं असतं. ताप नसलेल्या पोराचं बोट टोच म्हणायचं कोणालाही सुचत नाही. मला तीस वर्षांत माझ्या स्वतःच्या घरी सुचलं नाही, माझ्या धाकट्या भावाला झाला तेव्हा. पण ताप आल्यावरचे दीड दिवस गेले ते महागात पडले, हे मी लपवणार नाही. फाल्सिपॅरम ४८ तासांत एकेका पेशीतून वीसेक पिल्लं बाहेर काढतो, त्या हिशोबात दीड दिवस फार मोठा. तो उशीर घरातल्या सगळ्यांचा मिळून आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा ‘एएसला होत नाही’ या वाक्याचा. जाऊबाईंना हे तोंडावर सांगायला जाऊ नका. त्यांना ते माहीत आहे. म्हणूनच त्या तुमच्यावर चिडल्यात, असं मला वाटतं.

त्यांच्याशी बोलायला निमित्त लागेल, ते मी देतो. या आठवड्यात दोघी मिळून मुलाला दवाखान्यात न्या, कारण न्यायची गरज खरंच आहे. मेंदूच्या मलेरियाची जी इंजेक्शनं देतात, त्यानंतर काही मुलांचं रक्त दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा उतरतं. हिमोग्लोबिन पाहून घ्या. पोर पिवळं-पांढरं पडलं, लघवी गडद काळसर झाली तर आठवड्याची वाट पाहू नका. चालताना झोक जातो तो बहुतेक मुलांचा काही महिन्यांत सावरतो, तरी जिल्हा रुग्णालयात दाखवून व्यायाम शिकून घ्या. शाळेत मागे पडत असेल तर गुरुजींना आजाराचं सांगा, नाहीतर ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवतील. तिथेच दोघांच्या तपासणीचे कागद मागा. पी.एफ. की पी.व्ही., की दोन्ही मिसळून, हे जाऊबाईंनी स्वतःच्या कानाने ऐकू द्या. तुमच्या मुलाचा व्हायवॅक्स निघाला तर चौदा दिवसांच्या गोळ्या पूर्ण झाल्या का तेही विचारा. तो जंतू यकृतात दडून राहतो आणि पुन्हा उठतो.

आशाताईच्या किटबद्दलही एक सांगून ठेवतो. ती किट फाल्सिपॅरम ओळखते तो त्याच्या एका प्रथिनावरून. जगात काही वाण असे निघालेत की त्यांच्यातून त्या प्रथिनाचं जनुकच गळून गेलंय. पेरूमध्ये ते २०१० साली पहिल्यांदा उघडकीला आलं, आपल्या देशातही तुरळक सापडलेत. अशा वेळी किटवर रेघ उमटत नाही आणि जंतू मात्र आत असतो. म्हणून किट निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर स्लाइड काढायला लावा. स्लाइडीचा निकाल उशिरा येतो हे मला माहीत आहे. माझ्याच हातचे निकाल आठ-आठ दिवसांनी गावात पोचल्याचं मी पाहिलंय आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्यात. तरी काढायला लावा, आणि तोवर पोराला सोबत घेऊन दवाखान्यातच जा.

नणंदेला येऊ द्या की नको? मला विचाराल तर बाळंतपण पुण्यालाच होऊ द्या, निदान पाऊस आणि धान कापणीचे दिवस जाईपर्यंत तरी. कारण पुन्हा तेच, पोशाख. फाल्सिपॅरमच्या पेटीत एक खास नमुना फक्त वारेला धरून बसायचा आहे. एरवीच्या माणसात वारच नसते, त्यामुळे कितीही वर्षं मलेरियाच्या मुलखात काढली तरी पहिलटकरणीच्या शरीराने तो नमुना कधी पाहिलेलाच नसतो. आई फिकी पडते, बाळ कमी वजनाचं होतं. तुमची नणंद तर इतकी वर्षं पुण्यातच राहिलेली. माहेरी येण्याचा हट्टच असेल तर औषध भिजवलेली नवी मच्छरदाणी तिच्या खाटेवर पहिल्या रात्रीपासून, आणि साधी कणकण आली तरी त्याच दिवशी तपासणी. जुनी मच्छरदाणी टाकू नका, सुई-दोरा घ्या, भोकं शिवा आणि पोरांवर लावा.

राहिला पुजाऱ्याचा कोंबडा. सासूबाईंच्या मनाविरुद्ध भांडण काढू नका. आमच्या केंद्राच्या हद्दीत एक म्हातारा पुजारी होता. तो झाडफूक करायचा, अंगारा लावायचा आणि त्याच पावली ‘आता दवाखान्यात जाऊन बोट टोचून घे’ म्हणून पाठवायचा. माझ्याकडच्या कितीतरी स्लाइडी त्याने पाठवलेल्या. तुमचा पुजारी तसा वळतो का ते सासऱ्यांमार्फत पाहा. कोंबडा मात्र या खेपेला देऊ नका. त्या पोराचं रक्त उतरलंय, रस्सा त्याला करून घाला. जाऊबाईंना म्हणा, मसाला मी वाटते.